वारज्याच्या पिल्लांचा हिवाळा

“डॉक्टर, ह्याच्या घशात हाड अडकलंय.”

दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात पुण्याच्या वारज्यातल्या कुठल्याही प्राण्यांच्या दवाखान्यात संध्याकाळी जाऊन बसा, हे वाक्य कानावर पडणारच. म्हणणारी माळवाडीतली आजी असेल, पॉप्युलर नगरमधला नोकरदार मुलगा असेल, नाहीतर गणपती माथ्याहून स्कूटरच्या पुढ्यात कुत्रं बसवून आलेलं जोडपं असेल. कुत्रं मान लांब करतं, पुढचे पाय फाकवतं, आतून कोरडा घोगरा ठसका येतो आणि शेवटी उबळ येऊन थोडा पांढरा फेस जमिनीवर पडतो. बघणाऱ्याला काहीतरी अडकलंय असंच वाटणार. डॉक्टर तोंड उघडून टॉर्च मारतात. हाड नसतं. मग ते दोन बोटांनी गळ्याखाली श्वासनलिका हलकेच दाबतात आणि तोच ठसका पुन्हा सुरू होतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “दिवाळीत बाहेर ठेवलं होतं का?”

ठेवलेलं असतं. चार दिवस गावी जायचं, एसटीत कुत्रं नेणं अवघड, शेजारीही बाहेरगावी. मग शहराबाहेरच्या एखाद्या बोर्डिंगमध्ये त्याची रवानगी होते. दिवाळीत या जागा भरून जातात. घर सुटलेली, फटाक्यांनी बिथरलेली, रात्रभर भुंकणारी कुत्री एका छपराखाली येतात आणि त्यातल्या एकाच्या नाकात जंतू असला तरी पुरे होतं. जंतू शिरल्यापासून ठसका लागेपर्यंत दोन ते दहा दिवस जातात. त्यामुळे घरी परतताना कुत्रं ठणठणीत असतं आणि खोकला तुळशीच्या लग्नाच्या सुमारास सुरू होतो. तोवर ते सोसायटीतल्या सगळ्या मित्रांची नाकं हुंगून आलेलं असतं.

ह्या दुखण्याला सगळे केनेल कफ म्हणतात. तो एका जंतूचा आजार नाही. पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू, अडेनोव्हायरसचा दुसरा प्रकार आणि बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका नावाचा जीवाणू हे त्यातले नेहमीचे भागीदार. कधी एकेकटे येतात, बऱ्याचदा जोडीनं. आपल्या आणि कुत्र्याच्या श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला अतिसूक्ष्म केसांचं अस्तर असतं. हे केस सतत वरच्या दिशेनं हलत राहतात आणि धूळ, जंतू, शेंबूड घशाकडे ढकलत नेतात. बोर्डेटेला नेमका ह्या केसांना चिकटतो आणि त्यांची हालचाल बंद पाडतो. झाडलोट थांबली की बाकीच्या जंतूंना मोकळं रान मिळतं. धडधाकट कुत्रं एक ते तीन आठवड्यांत आपोआप बरं होतं. लहान पिल्लू, म्हातारं कुत्रं किंवा पगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर मात्र तोच खोकला खाली फुप्फुसात उतरतो.

बोर्डेटेला हे नाव परकं वाटतं, पण त्याचं घराणं आपल्या ओळखीचं आहे. डांग्या खोकला झालेलं मूल ज्यांनी पाहिलंय, त्यांनी ह्याच्या सख्ख्या भावाची करामत पाहिली आहे. डांग्या खोकल्याचा जंतू बेल्जियममध्ये झ्यूल बोर्दे आणि ऑक्ताव्ह झांगू यांनी १९०६ मध्ये वेगळा केला आणि बोर्देच्या नावावरून पुढे सगळ्या कुळालाच नाव पडलं. प्राण्यांमधला भाऊ १९११ च्या आसपास पुढे आला. अमेरिकेत फेरी यांना तो कुत्र्यांमध्ये सापडला. त्याच वर्षी एडिंबराच्या प्रयोगशाळेत प्राण्यांमध्ये साथ पसरली, तिचा अभ्यास करताना मॅगोवन यांना तोच जंतू कुत्र्यांत, मांजरांत आणि सशांतही मिळाला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही नोंद आजही घरोघर लागू पडते. एकाच जंतूनं कुत्रं ठसकतं, मांजर शिंकतं, सशाच्या नाकात तो मुकाट बसून राहतो आणि त्याच सशाशेजारी पिंजऱ्यात गिनीपिग ठेवला तर त्याचा न्यूमोनियानं जीव घेतो. म्हणून ससा आणि गिनीपिग एकत्र ठेवू नयेत. दोघं एकमेकांना चिकटून झोपलेले कितीही गोड दिसोत. माणसाला हा जंतू क्वचितच लागतो, तोही प्रतिकारशक्ती खचलेल्यांना. पण केमोथेरपी चालू असलेलं माणूस घरात असेल तर खोकणारं कुत्रं त्याच्या उशाशी झोपू देऊ नये. वारज्यात कॅन्सरच्या रुग्णांची काळजी घेणारं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, त्यामुळे ह्या भागातल्या कित्येक कुटुंबांना असे दिवस माहीत आहेत.

केनेल कफची लस मिळते. नाकात थेंब सोडून दिली जाणारी लस सगळ्यांत लवकर काम करते, बोर्डेटेलाविरुद्ध साधारण तीन दिवसांत. म्हणून कुत्र्याला बोर्डिंगमध्ये सोडायच्या निदान आठवडाभर आधी ती द्यावी. वसुबारसेच्या सकाळी धावतपळत जाऊन घेण्यात अर्थ नाही. आणि नाकातली लस नाकातच द्यायची असते. चुकून ती इंजेक्शननं टोचली गेली तर यकृताला गंभीर इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

पण केवळ केनेल कफसाठी दिवाळी अंकाची एवढी पानं मी मागितली नसती. हिवाळ्यात वारज्याच्या रस्त्यांवर जो आजार खरोखर फिरतो आणि ज्याची मोजदाद कुणी करत नाही, तो डिस्टेंपर आहे.

१९९७ मध्ये पुणे महापालिकेत आलेलं वारजे एका नजरेत मावत नाही. मुठेच्या काठी जुनं गावठाण, त्याला लागून माळवाडीची दाट वस्ती, रामनगर, डोंगराच्या अंगाला चढत गेलेल्या चाळी, न्यू अहिरे गाव, आणि ह्या सगळ्याच्या मधून मुंबई-बंगळूर महामार्ग. महामार्गालगत वारज्याचं शहरी वन आहे. ५ जून २०२० ला केंद्र सरकारनं देशभर नगरवनं उभारायची योजना जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून दाखवलं ते हेच उजाड टेकाडावर वाढवलेलं जंगल. पलीकडे शिवणे, उत्तमनगर आणि एनडीएची झाडी. बारा-पंधरा मजली सोसायट्या, नदीकाठची झुडपं, चिकनची दुकानं आणि राखीव जंगल हे सगळं इथे हाकेच्या अंतरावर आहे. रस्त्यावरचं एखादं कुत्रं एका दिवसात ह्या सगळ्या ठिकाणांहून फिरून येऊ शकतं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्लं आपल्याकडे मुख्यतः पावसाळा सरता सरता आणि हिवाळ्यात जन्माला येतात. दिवाळीत पार्किंगमध्ये, रिकाम्या प्लॉटवरच्या वाळूत, पानटपरीच्या फळीखाली ती दिसू लागतात. सोसायटीतली मुलं त्यांना नावं ठेवतात, बिस्किटं घालतात, फटाक्यांपासून सांभाळतात. डिसेंबर येतो आणि एकेक पिल्लू मलूल व्हायला लागतं. आधी ताप येतो आणि उतरतो, तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. काही दिवसांनी ताप पुन्हा चढतो. डोळ्यांना पिवळी चिपडं येऊन पापण्या चिकटतात. नाकातून घट्ट शेंबूड येतो, तो सुकला की नाकपुड्या बुजतात आणि पिल्लू तोंडानं श्वास घेऊ लागतं. खोकला, जुलाब, पोटावर बारीक फोड. काहींच्या पंज्यांचे तळवे कडक होतात. खरा घात ह्यानंतर होतो. पिल्लू सावरतंय असं वाटत असतानाच, कधी आठवड्यानं तर कधी कित्येक आठवड्यांनी, विषाणू मेंदूत पोचल्याची खूण दिसते. एक पाय ठरावीक तालात उडू लागतो. पिल्लू झोपलं तरी तो उडतच राहतो. जबडा चघळल्यासारखा हलतो, फेस येतो, झटका येतो. तेवढं बघून लोक म्हणतात, “पिसाळलं.” मग दगड पडतात.

अशा पिल्लाला हात लावायचाच नाही, हे बरोबर आहे; रेबीज आणि डिस्टेंपर रस्त्यावर उभं राहून ओळखता येत नाहीत. त्यासाठी प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला किंवा महापालिकेला फोन करावा. पण मारायचंही नाही. त्यातली कित्येक पिल्लं आपल्याला कसलाही धोका नसलेल्या आजारानं तडफडत असतात. डिस्टेंपर माणसाला होत नाही.

तो होतो जंगलाला. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया भागात २३ सिंह मेले. त्या सिंहांमधला डिस्टेंपरचा विषाणू ओळखला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं. सिंहांना टोचायला अमेरिकेहून लस आणावी लागली. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत ह्याच विषाणूनं सुमारे हजार सिंहांचा बळी घेतला होता आणि बोट रोखलं गेलं ते आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांकडे. आपल्या घराजवळचा पुरावा तर आणखी स्पष्ट आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आणि भोवतालच्या गावांत अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी २१९ मोकाट कुत्री आणि ३३ खोकडं तपासली. २०१४ च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार ७२ टक्क्यांहून अधिक कुत्र्यांच्या रक्तात डिस्टेंपरशी सामना झाल्याच्या खुणा होत्या. खोकडांमध्ये हे प्रमाण फक्त १८ टक्के होतं. वरवर पाहता हा दिलासा वाटेल. पण ज्या खोकडांच्या रक्तात ताज्या लागणीची खूण सापडली, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण फार मोठं होतं. रक्त तपासायला जिवंत राहिलेलंच खोकड सापडतं. मेलेली माळावर कुठेतरी पडून जातात. वारज्याच्या डोंगरउतारावर उदमांजरं असतात, आणि त्यांनाही हा विषाणू लागतो. नान्नजचा हा आकडा मला म्हणूनच वारज्यात आठवतो.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मोठ्या कुत्र्यांच्या अंगात प्रतिपिंडं होती, लहानांच्या कमी. म्हणजे आजार बाहेरून साथीसारखा येत नाही, तो तिथेच मुक्कामाला आहे. जी पिल्लं तगतात ती त्यातून पार पडलेली असतात, बाकीची मोठी होतच नाहीत. शहरातल्या गल्लीत हिवाळ्यामागून हिवाळा पिल्लं दिसतात आणि नाहीशी होतात, त्याचा अर्थ मी असाच लावतो. “गाडीखाली गेली असतील” म्हणून आपण विषय संपवतो. काही जातातही. पण फळीखाली निपचित पडून मेलेल्या पिल्लाचा पंचनामा होत नाही.

आता एक गोष्ट इतिहासातली, कारण ती पुण्यातली आहे. डिस्टेंपरचा विषाणू गोवराच्या आणि गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूंचा अगदी जवळचा नातलग. बुळकांडीनं गावंच्या गावं बैलांविना पडायची, पेरणी बुडायची. त्या रोगाशी लढायला सरकारनं इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उभारली ती १८८९ मध्ये, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली आणि तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. पुण्यातून सुरू झालेलं ते काम शेवटाला गेलं. २०११ मध्ये बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच आजार.

भाऊबंदांपैकी एक गेला, दुसरा राहिला. डिस्टेंपरसाठी पैसा उभा राहिला तो इंग्लंडात, शिकारी कुत्री पाळणाऱ्यांच्या वर्गणीतून. ‘द फील्ड’ ह्या साप्ताहिकानं १९२० च्या दशकात निधी जमवला, लेडलॉ आणि डंकिन यांनी त्यावर काम केलं, १९२६ मध्ये हा आजार विषाणूचा आहे हे पक्कं झालं आणि दोनच वर्षांत लस तयार झाली. तो विषाणूचा असल्याचं फ्रान्समध्ये आंरी कारे यांनी १९०५ मध्येच सांगितलं होतं, पण अनेकांचा भरवसा बसला नव्हता. लेडलॉ-डंकिन यांनी प्रयोगासाठी फेरेट वापरले, मुंगसासारखा लांबट प्राणी. त्या कामामुळे फेरेट हाताशी होते, म्हणून १९३३ मध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू त्यांच्यातच वेगळा करून दाखवला. पुढे १९३६ मध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या स्टुअर्ट-हॅरिस यांना फेरेटकडूनच फ्लू लागला. आपल्याला दरवर्षी मिळणाऱ्या फ्लूच्या लशीची मुळं अशी कुत्र्याच्या खोकल्यात आहेत. कुत्र्यांच्या आजारावर खर्च कशाला, असं विचारणाऱ्याला मी हे सांगतो.

बुळकांडीसारखा डिस्टेंपर जगातून घालवता येईल, असं मी म्हणणार नाही. कोल्हे, खोकड, सिंह, सील, रॅकून इतक्या प्राण्यांत तो राहतो की ते शक्य दिसत नाही. पण वारज्याच्या एका गल्लीतून तो हटवणं अशक्य नाही, कारण विषाणू शरीराबाहेर अत्यंत दुबळा आहे. ऊन, साबणाचं पाणी, कोरडी हवा ह्यांत तो काही तासांत मरतो. जिवंत राहायला त्याला सतत नवं, लस न दिलेलं पिल्लू लागतं.

आणि नेमकी तिथेच आपली व्यवस्था तोकडी आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी होते आणि त्याला लस मिळते ती रेबीजची. ती द्यायलाच हवी, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. डिस्टेंपरची लस त्या कामाचा भाग नाही. २२ ऑगस्ट २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जागेवर सोडायची आणि खाऊ घालायला प्रभागात ठरावीक जागा करायच्या, असं सांगितलं. पिसाळलेली, आक्रमक कुत्री वेगळी. ठरावीक जागा असणं चांगलं, भांडणं कमी होतील. पण एका जागी, एका ताटात अनेक तोंडं येणार असतील तर तिथल्या कुत्र्यांना खोकल्याच्या लशीही मिळायला हव्यात. न्यायालयाच्या आधीच्या, ११ ऑगस्टच्या आदेशात दिल्लीतली सगळी कुत्री निवाऱ्यांत नेऊन ठेवायची होती. तो बदलला गेल्यामुळे माझ्या जिवातला एक घोर मिटला. हजारो अनोळखी, लस न टोचलेली कुत्री एका आवारात कोंडली की काय होतं, हे श्वसनाच्या आजारांचं कुठलंही पाठ्यपुस्तक सांगेल.

घरच्या कुत्र्यांची गोष्ट वेगळी आहे, असं मालकांना वाटतं. पण तिथेही लशीच्या तारखा चुकतात. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून प्रतिपिंडं मिळतात. काही आठवडे ती त्याला सांभाळतात, पण त्याच काळात दिलेल्या लशीलाही निष्प्रभ करतात. मग ती हळूहळू ओसरतात. एखाद्याची आठव्या आठवड्यात, एखाद्याची चौदाव्या. नेमकी कधी, ते बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी लस देत जायचं आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायचा, असं जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेची मार्गदर्शक सूत्रं सांगतात. आपल्याकडे होतं असं, की पिल्लू विकणारा “दोन डोस झालेत” म्हणून वही हातात ठेवतो. दुसरा डोस नवव्या-दहाव्या आठवड्यातला असतो. मालक निर्धास्त होऊन त्याला खाली फिरवायला नेतो. ज्या तिसऱ्या डोसाचा खरा उपयोग होणार असतो, तोच राहून जातो. ‘नाइन इन वन दिलंय’ ह्या समाधानात तारखा कुणी बघत नाही. दवाखान्यात गेल्यावर एकच प्रश्न विचारा: शेवटचा डोस दिला तेव्हा पिल्लू किती आठवड्यांचं होतं?

मांजरांकडे वळतो, कारण वारज्यातल्या फ्लॅटांत मांजरं झपाट्यानं वाढली आहेत. मांजर कुत्र्यासारखं ठसकत नाही. ते शिंकतं, डोळे बारीक करतं, जिभेवर फोड आले की लाळ गाळतं आणि जेवण सोडतं. ह्यामागे बहुतेक वेळा नागिणीच्या कुळातला हर्पीसचा विषाणू किंवा कॅलिसी विषाणू असतो. हर्पीस एकदा शिरला की जन्मभर मज्जातंतूंच्या गाठीत दडून बसतो. घर बदललं, नवं मांजर आलं, फटाके वाजले, की आठवडाभरात पुन्हा शिंका. “दर दिवाळीला आमच्या मनीला सर्दी होते” असं म्हणणारी काकू अगदी अचूक निरीक्षण सांगत असते. कॅलिसी बाहेरही चिवट आहे, भांड्यांवर, गादीवर महिनाभर टिकू शकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. त्याला पातळ केलेलं ब्लीच लागतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसरच्या एका सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये तीनशेहून अधिक मांजरं ठेवल्याची बातमी गाजली. चर्चा वासाची आणि आवाजाची झाली. तीनशे मांजरं म्हणजे तीनशे नाकं आणि एकच हवा. त्या मांजरांच्या हालांबद्दल फार थोडे बोलले.

सर्दी झालेल्या मांजराला वास येत नाही आणि वास आला नाही तर ते खात नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की त्याच्या यकृतात चरबी साठू लागते आणि सर्दीपेक्षा तेच जिवावर बेततं. म्हणून नाक कोमट ओल्या कापसानं पुसायचं, बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दहा मिनिटं वाफेत बसवायचं आणि खाणं कोमट करून द्यायचं, म्हणजे वास उठतो. आणि कळवळून सांगतो, घरातली क्रोसिन त्याला देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही. पॅरासिटामॉल पचवायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नाहीच. एक गोळी त्याच्या रक्ताचा रंग बदलून त्याला मारू शकते.

मांजरांसाठी २०२४-२५ च्या हिवाळ्यात एक नवी काळजी आली. डिसेंबर २०२४ अखेर नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेनं कारण दिलं एच-५ एन-१, म्हणजे बर्ड फ्लू. पुढच्याच जानेवारीत शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाड्याला घरगुती मांजरांत तो सापडला आणि आपल्या उदगीरमध्ये त्यानंच कावळे मेले. वाघांना तो कोंबडीच्या मांसातून लागला असावा, असा संशय व्यक्त झाला. वारज्यात चिकनच्या दुकानातली कातडी, पंजे, आतडी रोज पिशव्या भरून मांजरांना आणि कुत्र्यांना घातली जातात. घालणाऱ्यांच्या मनात दयाच असते. ती पिशवी आधी उकळून घ्यावी, एवढंच. शिजवलं की हा विषाणू मरतो.

सशाचं दुखणं सगळ्यांत उशिरा कळतं. ससा शिकार होणारा प्राणी. आजारी दिसणं त्याला परवडत नाही. तो नाकानंच श्वास घेतो, तोंडानं घ्यायची वेळ आली तर समजावं की वेळ फार थोडा आहे. पिंजऱ्याच्या बाहेरून बघून काही कळणार नाही, म्हणून त्याला मांडीवर घ्या आणि पुढच्या पायांची आतली बाजू बघा. निरोगी सशाची तिथली लव मऊ आणि मोकळी असते. नाक गळणारा ससा ते सतत पंज्यांनी पुसतो, त्यामुळे तिथली लव चिकटून तिच्या कडक बटा होतात. नाक स्वच्छ दिसेल, पाय खोटं बोलत नाहीत. ह्यामागचा नेहमीचा जंतू पाश्चुरेला मल्टोसिडा. गुरांच्या घटसर्पाचा जंतू तोच, फक्त वाण वेगळा. पावसाळ्याच्या तोंडावर गावोगावी गुरांना जी घटसर्पाची लस टोचतात, ती बनवणारी राज्याची संस्था औंधला आहे. सशासाठी मात्र अशी खात्रीची लस नाही. त्याचा उपाय पिंजऱ्यात आहे: लघवीचा वास आपल्याला आला, म्हणजे सशाच्या नाकाचं अस्तर अमोनियानं कधीच जळालं. बाल्कनीत प्लॅस्टिकनं तीन बाजूंनी बंद केलेला पिंजरा उबदार नसतो, कोंदट असतो. आणि उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप सशाला तोंडानं कधीही देऊ नये. त्यानं आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक वाढतात आणि ससा दोन-चार दिवसांत जातो. बारा तास त्यानं काही खाल्लं नाही तर रात्र असली तरी डॉक्टर गाठायचा.

खोकणाऱ्या घरच्या कुत्र्याबद्दल दोन शब्द राहिले. गळ्यातला पट्टा काढून छातीवरचा घालावा, म्हणजे श्वासनलिकेवर ताण येत नाही. निदान दोन आठवडे लिफ्ट, बाग, शेजारचं कुत्रं सगळं वर्ज्य. माणसाचं खोकल्याचं औषध नको. खाणं सुटलं, धाप लागली, हिरवट शेंबूड आला की वाट बघायची नाही.

आणि पार्किंगमधली पिल्लं. सोसायटीच्या सभेत कुत्र्यांवरून दोन तट पडतात. एक म्हणतो हाकला, दुसरा म्हणतो खाऊ घाला. लशीचा विषय दोघांकडूनही निघत नाही. खरं तर तो दोघांच्याही कामाचा आहे. हाकला म्हणणाऱ्याच्या घरीही बऱ्याचदा एखादं लॅब्रॅडॉर असतंच, आणि खाली मरणाऱ्या पिल्लाचा श्वास त्याच लिफ्टच्या दारातून जातो. इमारतीतल्या पाळीव कुत्र्यांच्या लशींच्या दिवशीच खालच्या पिल्लांनाही टोचून घ्यायचं, खर्च वर्गणीतून काढायचा, एवढा ठराव गणपतीच्या वर्गणीइतकाही अवघड नाही. पिल्लं धरायला वॉचमनदादा असतातच. त्यांना ती ओळखतात.

२०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. त्या आठवड्यात जन्मलेलं पिल्लू मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी आठ आठवड्यांचं होतं, तो पहिला डोस. संक्रांतीला बारा आठवडे पुरे, दुसरा डोस आणि त्याच दिवशी रेबीजची सुई. महाशिवरात्रीला सोळा आठवडे उलटलेले असतात, तो तिसरा. नसबंदीसाठी महापालिकेची गाडी बोलवायची ती त्यानंतर, आणि ह्या तीन तारखा लिहिलेलं कार्ड वॉचमनच्या केबिनमध्ये, पाण्याच्या टँकरच्या वहीशेजारी अडकवून ठेवायचं.